सहा नंबरची पट्टी

साबणाच्या त्या कारखान्याचा मालक कोण असं विचारलं, तर कुणीही वरच्या मजल्यावर मालकीणबाईंच्या केबिनकडे बोट दाखवलं असतं. पण साबण बाजारात जायचा की नाही हे कोण ठरवतं असं विचारलं, की तेच बोट जिन्याखालच्या खोलीकडे वळायचं. खोली एवढीशी. एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतभर मांडणीवर चारशे बारा बाटल्या. तिथे नाकमास्तर बसायचे. त्यांचं खरं नाव पगाराच्या पावतीवर होतं आणि ते तिथेच राहिलं होतं. नाकावर राग असलेली माणसं तुम्हाला गल्लोगल्ली सापडतील, पण नाकावर संसार चालवलेला माणूस हा एकच. एकोणतीस वर्षं चालवला.

तेलाचं पिंप आलं की मास्तर झाकण उघडून एकदाच हुंगायचे. जरासं खवट लागलं तरी पिंप आल्या वाटेने परत. कढईत लगदा शिजत असताना एकदा, सुगंध मिसळल्यावर एकदा, आणि वड्या कापण्याआधी शेवटचं एकदा. मास्तर 'हं' म्हणाले की काम पुढे, 'अंहं' म्हणाले की सगळे थांबले. बाकी माणूस नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

तर अशा या माणसाचं नाक गेलं. कापलं वगैरे गेलं नाही, नुसतं गेलं. आठ महिन्यांपूर्वी चार दिवस ताप आला, पाचव्या दिवशी उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. सकाळी चहाचा कप तोंडाजवळ नेला तर हाताला गरम लागलं, बाकी काही नाही. मास्तरांना वाटलं, सर्दी असेल. दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघरात बसून शब्दकोडं सोडवत होते आणि बायको बाहेरून धावत आली. गॅसवर दुधाचं पातेलं करपून काळं ठिक्कर पडलं होतं, घरभर धूर झाला होता, आणि हा गृहस्थ हातभर अंतरावर 'आडवे सात'मध्ये अडकलेला. बायकोने गॅस बंद केला, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता समोरच्या खुर्चीत बसली. एकोणतीस वर्षं ज्याच्या हातावर नाही, नाकावर घर चाललं, त्या घरात याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

डॉक्टरांनी टॉर्च मारून आत पाहिलं. येईल, म्हणाले, किंवा नाहीही येणार. एवढं तर मास्तरांना फी न देताही ठाऊक होतं.

कारखान्यात मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कसं निभावलं म्हणाल, तर त्यांनी एक युक्ती काढली. पिंप उघडायचं, आपण हुंगल्यासारखं करायचं आणि कढई ढवळणाऱ्या मामांना पुढे बोलवायचं. "मामा, सांगा बघू, कसं आहे?" मामा हुंगून सांगायचे, मास्तर मान डोलवायचे. पॅकिंगमधल्या बायकांपुढे वडी धरायची, "सांगा बघू, गुलाब जास्त झालाय का?" बायका खूश. कारखाना म्हणायला लागला, मास्तर आताशा सगळ्यांना शिकवतात, म्हातारपणी मन मोठं झालंय त्यांचं. हे कानावर आलं की मास्तरांना जेवण जायचं नाही. मला विचाराल तर ही सरळसरळ लबाडी होती. पण लबाडी पचवायलाही कोठा लागतो, तो या माणसाकडे नव्हता.

आणि एकदा ती अंगाशी आलीच. त्या शनिवारी मामांना पडसं झालं होतं. त्यांनी तेल हुंगलं, "चांगलं आहे," म्हणाले, मास्तरांनी मान डोलवली. तेल खवट होतं. महिन्याभरात दोनशे पेट्या परत आल्या, आणि मालकीणबाईंनी मामांना बोलावून झापलं, की तुम्ही कढई नीट घासत नाही. मास्तर तिथेच उभे होते. मामा खाली मान घालून "हो बाई" म्हणाले आणि मास्तरांच्या तोंडून शब्द फुटला नाही. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा चिडली. म्हणाली, "तुमचं नाक गेलं त्याचं मला वाईट वाटलं. जीभ गेली असेल असं वाटलं नव्हतं."

अशात एक दिवस मालकीणबाई जिन्याखाली आल्या. मालकीणबाई म्हणजे थोरल्या मालकांची लेक. सहा वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की याच खोलीत येऊन बाटल्या उघडून बसायची. मास्तर तिला ताई म्हणायचे आणि ती त्यांना काका. आता ती पस्तिशीला आली तरी त्यात बदल नव्हता.

"काका, तीन वर्षांनी तुम्ही जाणार," ती म्हणाली. "नंतर माझी धावपळ नको. आत्तापासून तुमच्या हाताखाली एक माणूस घेऊ. तुम्हीच निवडा, तुम्हीच तयार करा."

मास्तर "बरं" म्हणाले, आणि ती गेल्यावर बराच वेळ बाटल्यांकडे बघत बसले. नाक नसलेला माणूस घेतला तर साबण बुडणार. नाक असलेला घेतला तर आठ दिवसांत त्याला कळणार की गुरू ठार बहिरा आहे, कानाने नाही, नाकाने. मग तीन वर्षं राहिली बाजूला, उद्याच घरी. इकडे आड तिकडे विहीर.

जाहिरात गेली: 'वास-परीक्षकास मदतनीस पाहिजे.' भरतीचं काम होतं फॉर्मवालीकडे. ही ऑफिसातली तरतरीत मुलगी. तिच्याकडे रजेचा फॉर्म, आजारपणाचा फॉर्म, हरवलेल्या छत्रीचासुद्धा फॉर्म होता. तिने एकसष्ट अर्ज चाळून चौदा काढले. शिक्षण, अनुभव, बोलणं, राहणी, सगळ्याचे रकाने पाडले. मास्तरांना कागद दाखवून म्हणाली, "मास्तर, नाकाला किती गुण देऊ? शंभरात वीस?"

"नाकाला वीस देऊन टाका," मास्तर म्हणाले. "राहिलेले ऐंशी सहा नंबरच्या पट्टीला."

ही सहा नंबरची पट्टी म्हणजे त्या कारखान्याची जुनी रीत. थोरल्या मालकांनी घालून दिलेली. उमेदवारापुढे कागदाच्या दहा पट्ट्या ठेवायच्या, पेन्सिलीने नंबर टाकलेल्या. नऊ पट्ट्या नऊ वासांत बुडवलेल्या, आणि एक, सहा नंबरची, नुसत्या पाण्यात. सांगायचं नाही. नोकरीची गरज असलेला माणूस त्या कोऱ्या पट्टीपाशी येतो, हुंगतो, काही लागत नाही, घाम फुटतो. आपलंच नाक कमी पडतंय असं वाटून तो काहीतरी ठोकून देतो: गुलाब, मोगरा, जे सुचेल ते. एकोणतीस वर्षांपूर्वी मास्तर स्वतः त्या पट्टीपाशी उभे होते. घरी म्हातारी आई, खिशात परतीच्या प्रवासापुरते पैसे. तरी म्हणाले होते, "साहेब, मला याला वास येत नाही." थोरले मालक हसले होते. म्हणाले होते, "नाकं पुष्कळ मिळतात. नाही त्याला नाही म्हणणारा माणूस मिळत नाही."

निवडीच्या दिवशी सकाळी मास्तर बूट घालत होते. बायको दारात उभी राहिली.

"आज सांगून टाका," ती म्हणाली.

"चार लोकांत नाक कापून घेऊ?"

"गेलेलं नाक कोण कापणार?" ती म्हणाली. मास्तरांना हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. त्यांनी नाडी बांधायच्या निमित्ताने मान खाली ठेवली. तीही मुद्दाम आत गेली.

कारखान्यात पोचून त्यांनी पट्ट्यांची तयारी केली. नऊ बाटल्या लेबल वाचून काढल्या. पाण्यासाठी धुऊन पालथ्या घातलेल्या पेल्यांतून एक काचेचा पेला उचलला, उजेडात धरून पाहिला. लख्ख होता. पाणी भरलं, सहा नंबरची पट्टी बुडवली, वाळत ठेवली. उत्तरांचा कागद फॉर्मवालीला दिला. त्यात सहासमोर लिहिलं होतं: वास नाही.

दहा वाजता टेबलामागे तिघं बसले. मध्ये मालकीणबाई, एका बाजूला फॉर्मवाली, दुसऱ्या बाजूला मास्तर. एकेक उमेदवार येत होता. पहिल्याने सहाला चंदन सांगितलं. दुसरीने जाई. तिसरा म्हणाला, "याला एक फार उच्च दर्जाचा, परदेशी वास आहे," त्यावर मालकीणबाईंना खोकला आला. एकाने सगळ्या दहा पट्ट्यांना लिंबू सांगितलं. त्याला स्वतःलाच ते पटेना, तो माफी मागून गेला. मास्तर प्रत्येकाला "बसा, घाई नाही" म्हणत होते. घाबरलेल्या माणसाचं नाक नीट चालत नाही हे त्यांना माहीत होतं. ज्याला सहाशी अडखळताना बघत, त्याच्याबद्दल त्यांना राग येत नव्हता. आपण आठ महिने दुसरं काय केलं, असं वाटत होतं.

तेरावा आला तो सुटातला तरुण. रसायनशास्त्राची पदवी, बोलणं स्वच्छ. प्रत्येक वासाचं नाव त्याने सांगितलंच, वर ते कशापासून काढतात तेही. सहापाशी आला, दोनदा हुंगलं आणि म्हणाला, "सर, याला वास नाही." दहापैकी दहा. फॉर्मवालीने त्याच्या नावापुढे चांदणी काढली. मुलगा चांगला होता, त्यात शंका नव्हती. मास्तरांनी मनात हिशेब मांडला, की हा पुस्तकातला आहे, मोठ्यांचा मान ठेवणारा आहे, याला तीन वर्षं 'सांग बघू' म्हणत खेळवता येईल. हा विचार आल्याबरोबर त्यांना स्वतःची किळस आली. तरी विचार काही गेला नाही.

शेवटच्या आल्या त्या धुलाईवाल्या बाई. चाळिशीच्या. एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात अठरा वर्षं चादरी निवडायचं काम केलेलं. दोन महिन्यांपूर्वी दवाखान्याने धुलाईचं काम बाहेर दिलं आणि बाई घरी बसल्या. हात पाण्याने पांढरे पडलेले, बोटांची टोकं सुरकुतलेली. शिक्षणाचा रकाना अर्धा रिकामा. फॉर्मवालीने त्यांना चौदांत का घेतलं म्हणाल, तर अनुभवाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: 'चादर कोणत्या वॉर्डातली, हे वासावरून सांगता येतं.' ते वाचून तिला अर्ज बाजूला टाकवेना.

पट्ट्या हुंगताना बाईंनी डोळे मिटले नाहीत. छताकडे बघत राहिल्या, कुणाची तरी हाक ओळखत असल्यासारख्या. एक नंबरला म्हणाल्या, "लहान मुलांच्या औषधाचा. गोड, पण खाली कडू." दोनला म्हणाल्या, "नवीन पेन्सिलीला टोक काढलं की येतो तो." फॉर्मवाली गोंधळली. कागदावर एकसमोर होतं संत्रं.

"मास्तर, हे चूक धरू ना?"

"बरोबर धरा," मास्तर म्हणाले. "मुलांच्या औषधात संत्र्याच्या सालीचं तेलच घालतात." दोन नंबरला देवदार होता, पेन्सिलीचं लाकूड. त्यांनी तेही बरोबर धरायला लावलं. बाईंना एकाही वासाचं नाव येत नव्हतं आणि एकही वास चुकत नव्हता. मास्तर खुर्चीत पुढे सरकले. एकोणतीस वर्षांत असं नाक त्यांनी पाहिलं नव्हतं. क्षणभर ते आपली काळजी विसरले आणि त्यांना नुसता आनंद झाला, जाणकाराला जाणकार भेटल्याचा.

मग बाई सहा नंबरपाशी आल्या. हुंगलं. पट्टी खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"हा दातांच्या डॉक्टरकडचा," त्या म्हणाल्या. "पण लांबून. आपण जिन्यात असताना यावा तसा."

फॉर्मवालीचा चेहरा पडला. तिलाही बाई आवडल्या होत्या. ती हळूच म्हणाली, "बाई, सहाला वास नाहीये. तिथेच तर सगळे फसतात."

खरं तर हे सांगायचं नसतं. पण सांगितलं गेलं, आणि बाईंना आता उत्तर फिरवायची सोय होती. 'हो का, मग नसेल,' एवढं म्हटलं असतं तर फॉर्मवालीने खोडून बरोबर केलं असतं, तिचा पेन तयारच होता. बाईंनी पट्टीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. दोन महिने घरी बसलेल्या माणसाला दार किती जवळ वाटतं ते ज्याचं त्याला ठाऊक.

"असेल हो," त्या म्हणाल्या. "पण मला येतोय. येतोय त्याला नाही कसं म्हणू?"

मालकीणबाईंनी पट्टी घेऊन हुंगली, खांदे उडवले आणि मास्तरांपुढे धरली. "काका, तुम्हीच सांगा."

मास्तरांनी पट्टी घेतली. पण त्याआधीच सगळं त्यांच्या लक्षात आलं होतं. दातांचा डॉक्टर म्हणजे लवंग. काल लवंगेच्या तेलाचा नमुना आला होता, तो त्याच काचेच्या पेल्यांत मापला होता, आणि सफाईवालीने पेले नुसत्या पाण्याने विसळून पालथे घातले होते. डोळ्याला लख्ख दिसणारा पेला वासाने भरलेला होता. कुठलंही धडकं नाक त्यात पाणी ओतायच्या आधीच सांगून मोकळं झालं असतं. हा घोटाळा फक्त एकाच माणसाच्या हातून होऊ शकत होता. आणि बाई बरोबर आहेत हे त्या खोलीत फक्त त्यालाच कळलेलं होतं.

त्यांनी पट्टी नाकाशी नेली. सवयीने डोळे मिटले. काही नाही.

आता नशिबाची थट्टा बघा. 'मला याला वास येत नाही,' एवढं म्हटलं की झालं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांच्या नाकाला वास येत नव्हताच, कागदावरही तेच होतं. एका वाक्यात बाई घरी, सुटातला मुलगा आत, आणि मास्तर आपल्या खुर्चीत. जे वाक्य म्हणून त्यांना ही नोकरी लागली होती, तेच वाक्य आज म्हणायचं होतं. फरक एवढाच, की तेव्हा पट्टी खरोखरच कोरी होती.

"काका?" मालकीणबाई म्हणाल्या.

"ताई," मास्तर म्हणाले, "पट्टीला वास आहे. लवंगेचा. पेला नीट धुतलेला नव्हता." त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. "पण हे मी हुंगून सांगत नाहीये, आठवून सांगतोय. मला वास येत नाही. हाच नाही, कुठलाच नाही. तापानंतर गेला, आठ महिने झाले. दोनशे पेट्या परत आल्या त्या माझ्यामुळे. मामांना त्या दिवशी पडसं होतं आणि मला... कढई स्वच्छ होती, ताई. मामांची काही चूक नव्हती."

फॉर्मवाली उठली, बाहेर गेली आणि तो पेला घेऊन आली. पाणी ओतून दिलं आणि पेल्यात नाक घातलं. "लवंग," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. का ते तिलाही सांगता आलं नसतं.

मालकीणबाईंनी धुलाईवाल्या बाईंना बाहेर बसायला सांगितलं, फॉर्मवालीलाही. दार लागलं. मग त्या बराच वेळ पट्ट्या एकावर एक रचत बसल्या.

"ताप आला तेव्हा मी घरी येऊन गेले होते," त्या म्हणाल्या. "तुमच्या उशाशी बसले होते. मला नाही सांगितलंत."

"लाज वाटली."

"माझी?"

"नाकमास्तर म्हणतात मला सगळे, ताई. नाक गेलं की मागे नुसता मास्तर उरतो. तोही कशाचा?"

मालकीणबाईंचा आवाज चढला. "पेट्यांचं मी बघून घेतलं असतं. मामांना मी वाट्टेल ते बोलले, तेही तुमच्यामुळे. मला राग आलाय, काका, आणि तो लवकर जाणार नाही." मग त्या थांबल्या. "आणि आठ महिने तुम्ही या खोलीत एकटे बसलात, याचं काय करू मी? वाईट वाटतंय मला. रागावू तरी कशी नीट?" त्यांनी डोळे पुसले. "घरी जा आता. सोमवारी या."

घरी जायच्या आधी मास्तर कढईपाशी गेले. मामांना सगळं सांगितलं, हात जोडले. मामांनी ढवळणं थांबवलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "कढई स्वच्छ होती, हे सांगितलंत ना बाईंना?"

"सांगितलं."

"मग झालं. आमच्या सासुरवाडीपर्यंत गेलं होतं ते, कढई घासत नाही म्हणून." आणि दोन फेऱ्या ढवळून झाल्यावर म्हणाले, "एवढ्या वेळा 'सांगा बघू' म्हणालात, एकदा 'येत नाही बघा' म्हणाला असतात तर मी काय मारलं असतं का?"

सोमवारी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. चावी, चष्म्याचं घर आणि टेबलातलं सामान न्यायला बायकोने पिशवी दिली होती. खोलीत मालकीणबाई, फॉर्मवाली आणि धुलाईवाल्या बाई होत्या. बाई मास्तरांच्या खुर्चीत बसल्या होत्या. म्हणजे बसवलं होतं म्हणून बसल्या होत्या, अगदी कडेवर.

"वास-परीक्षक आजपासून या," मालकीणबाई म्हणाल्या.

"बाई, मला कशाचीच नावं येत नाहीत हो," धुलाईवाल्या बाई घाईने म्हणाल्या. "चारशे बाटल्या आहेत."

"चारशे बारा," मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणूनच यांच्या हाताखाली माणूस लागेल," मालकीणबाई म्हणाल्या. "नावं सांगणारा. हे कुठून येतं, कशात मिसळतं, कधी खवट होतं, ते सांगणारा. नाक नसलं तरी चालेल. जाहिरात मदतनिसाचीच होती, काका. जागा अजून रिकामी आहे." आणि उठता उठता म्हणाल्या, "माझा राग आहेच. कामावर दिसलात तर उतरेल, घरी बसलात तर नाही."

त्या गेल्या. मास्तर पिशवी धरून उभेच. फॉर्मवालीने त्यांच्यापुढे फॉर्म ठेवला. म्हणाली, "मास्तर, नियम म्हणजे नियम."

एकोणतीस वर्षांनी मास्तरांनी नोकरीचा अर्ज भरला. शिक्षण लिहिलं. अनुभव लिहिला. 'आधीचं काम सोडण्याचं कारण' या रकान्यात थोडा वेळ घालवला आणि लिहिलं: नाक. फॉर्मवाली तोंडावर हात धरून हसली. शेवटी एक ओळ होती: 'मुलाखत घेणाऱ्याची सही.' तिने फॉर्म उचलून धुलाईवाल्या बाईंपुढे ठेवला आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली.

बाई कानापर्यंत लाल झाल्या. "मी मास्तरांची मुलाखत काय घेणार?"

"घ्या," मास्तर म्हणाले. ते समोरच्या खुर्चीत बसले होते, उमेदवाराच्या. पिशवी मांडीवर. "घाई नाही."

बाई बाटल्यांकडे बघत राहिल्या. त्यांना या माणसाचा मान ठेवायचा होता, पण खोटी मुलाखत घ्यायची नव्हती. तसल्या त्या नव्हत्याच. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "मला नाव माहीत नसलेला वास तुम्ही ओळखाल, ते मी परवा पाहिलं. पण उलटं जमेल का? जो वास इथे नाहीये, तो मला नुसता सांगून देता येईल?"

"कुठला?"

"कुठलाही. तुम्हाला जो हवासा वाटतो तो."

मास्तर पिशवीचे बंद चाळवत राहिले. फॉर्मवालीला वाटलं, अडले. ते अडले नव्हते. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या मुलीला मुलगी झाली होती. दवाखान्यात नात त्यांच्या मांडीवर ठेवली तेव्हा त्यांनी खाली वाकून तिच्या टाळूला नाक लावलं होतं. सगळे बघत होते. मुलगी म्हणाली होती, "बाबा, कसा येतो वास?" आणि ते म्हणाले होते, "छान." त्या 'छान'मागे काय होतं ते त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. आज सांगितलं, या दोघींना.

"तो वास मी घेतलेला नाही," ते म्हणाले. "पण तिच्या आईचा घेतला होता, तेव्हा. तो सांगतो."

त्यांनी डोळे मिटले.

"दोरीवरचं फडकं असतं ना, पुष्कळदा धुऊन मऊ झालेलं. ऊन उतरल्यावर काढलेलं. तुमच्या ओळखीचं आहे ते. गालाला लावलं की ऊन अजून त्यात असतं. तिथून सुरू करा. मग दूध. तापवलेलं नाही, ओठाच्या कडेला सुकलेलं, जरासं आंबट. मग तेल, पण अगदी थोडं, हात पुसून टाकल्यावर तळव्याला राहतं तेवढंच. खाली नवीन पिठासारखं काहीतरी आहे. आणि सगळ्याच्या खाली ऊब आहे, जी आत-बाहेर होते, कारण तिथली कातडी पातळ असते आणि खालून ठोके लागत असतात. त्या उबेला नाव नाही. या चारशे बारांत ती नाही. ती फार दिवस राहतही नाही, पोर बसायला लागलं की जाते. मी रोज कामावरून यायचो, हात धुवायचो, आणि पहिलं तिथे नाक..."

धुलाईवाल्या बाईंनी या वेळी डोळे मिटले होते. त्यांचीही दोन पोरं आता मिसरूड फुटलेली, डोक्यावर हात ठेवू न देणारी. त्यांनी सावकाश एक मोठा श्वास घेतला, आणि तो सोडायला त्यांना वेळ लागला.

"आला," त्या म्हणाल्या, आणि डोळे न पुसताच फॉर्मवर सही केली.